पंपाला ओव्हन कशाला?

मेल दोन ओळींची होती. चेक प्रजासत्ताकातल्या ग्राहकाने अगदी सभ्यपणे विचारलं होतं: यादीतल्या सतराव्या ओळीत पंपासोबत ओव्हन दिलाय, तो नेमका कुठे बसवायचा? आणि तो वेगळा विकत घ्यावा लागतो का?

सतरावी ओळ माझी होती. पुण्याच्या आसपासच्या एका पंप बनवणाऱ्या कारखान्याची रशियन कागदपत्रं मी करते. त्या वेळी त्यांना सुट्या भागांची यादी सात स्लाव्ह भाषांत हवी होती: रशियन, बल्गेरियन, सर्बियन, स्लोव्हेनियन, पोलिश, चेक आणि स्लोव्हाक. ठरलं होतं ते असं की रशियन मी करायचं आणि बाकीच्या सहा भाषा त्या त्या भाषेच्या माणसांकडून करून घ्यायच्या. यादी जायची होती शुक्रवारी. बुधवारी संध्याकाळी फोन आला, "मॅडम, चाळीसच तर शब्द आहेत. त्या सगळ्या भाषा सारख्याच ना? तुम्हीच टाका की." सारख्याच आहेत हे मीच कधीतरी चहा पिताना त्यांना ऐकवलं होतं, त्यामुळे बोलायला तोंड नव्हतं.

सतराव्या ओळीतला भाग म्हणजे पंपातून पाणी बाहेर नेणारी नळी. रशियनमध्ये नळीला 'त्रुबा' म्हणतात. आता स्लाव्ह भाषांचे ध्वनिनियम मला थोडेफार ठाऊक आहेत. रशियन 'त्रुबा'चं पोलिश रूप 'त्रोंबा' होणार, चेक 'त्रोउबा', स्लोव्हाक आणि सर्बियन 'त्रूबा', स्लोव्हेनियन 'त्रोबा', बल्गेरियन 'त्रबा', हे मी कागदावर मांडून काढलं. मग शब्दकोश उघडून एकेक रूप पडताळलं. सगळी जागच्या जागी होती, एकही चुकलं नव्हतं. मी इतकी खूश झाले की रूपाच्या शेजारी छापलेला अर्थ वाचायची तसदी घेतली नाही.

ती घेतली असती तर काय दिसलं असतं? पोलिश 'त्रोंबा' म्हणजे तुतारी, नाहीतर हत्तीची सोंड. सर्बियन 'त्रूबा' म्हणजे ट्रम्पेट. स्लोव्हेनियन आणि स्लोव्हाक शब्दही फुंकायच्याच वस्तूचे. चेक 'त्रोउबा' म्हणजे स्वयंपाकघरातला ओव्हन. सातांपैकी पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या दोनच निघाल्या, रशियन आणि बल्गेरियन. पोलंडमधल्या ग्राहकाने काही कळवलं नव्हतं. पंपाला सोंड असणं त्याला पटलं असावं.

यादी दुसऱ्या दिवशी दुरुस्त होऊन गेली. पण रूपं सातच्या सात बरोबर आणि अर्थ सातांपैकी पाच चूक, हे गणित मला सोडेना. ते सोडवताना जे हाती लागलं ते इथे मांडते आहे.

अनुस्वाराचा माग

आधी रूपांकडे बघू, कारण तिथेच खरी गंमत आहे आणि मराठी माणसाला ती चटकन कळण्यासारखी आहे.

मूळ स्लाव्ह शब्दात सानुनासिक 'ओ' होता, म्हणजे साधारण 'त्रोँबा'. हा शब्द स्लाव्ह लोकांचा स्वतःचा नाही. शेजारच्या जर्मानिक भाषांत 'त्रुम्बा' हा शब्द होता. इटालियनमधला 'त्रोम्बा' त्याचाच नातलग. वाजणाऱ्या आवाजावरून पडलेलं नाव, जसं आपल्या तुतारीत तिचाच आवाज ऐकू येतो. स्लाव्ह टोळ्या अजून एकमेकींना समजेल अशी भाषा बोलत होत्या तेव्हा हा शब्द आत आला. त्या काळी त्यांच्या भाषेला अक्षराचा शेवट व्यंजनाने झालेला खपत नसे. 'त्रुम्' असं अर्धवट थांबणं नको, म्हणून 'म' स्वरात विरघळला आणि स्वर नाकातला झाला. त्यानंतर टोळ्या पांगल्या आणि प्रत्येकीने त्या नाकातल्या स्वराचं आपापल्या परीने काहीतरी केलं.

उसना शब्द सगळ्या भावंडांत कसा सापडतो, याचं उत्तर हेच. उसनवारी वाटणीच्या आधीची आहे. वाटणीत तो वडिलोपार्जित मालासारखा सगळ्यांच्या वाट्याला आला.

रशियनने त्या स्वराचा 'उ' केला आणि नाक सोडून दिलं. चेक, स्लोव्हाक, सर्बियन यांनीही तेच केलं. स्लोव्हेनियनने 'ओ' ठेवला, फक्त त्यातलं नाक काढलं. बल्गेरियनने त्याचा 'अ' केला, अगदी आपल्या देवनागरीत व्यंजनात दडलेला असतो तसा. म्हणून बल्गेरियन शब्द मराठीत लिहायला सर्वांत सोपा: 'त्रबा', बस्स. नाक राखलं ते पोलिशने. पोलिशमध्ये हा स्वर 'a' ला शेपूट लावून लिहितात, पण उच्चार 'ओँ' आहे, आणि पुढचं व्यंजन पाहून तो रंग बदलतो. पुढे 'ब' आला की 'ओम्', 'द' आला की 'ओन्'. हा आपला अनुस्वारच की! 'अंबा' म्हणताना ओठ मिटतात आणि 'अंत' म्हणताना जीभ दाताला लागते, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. पोलिश पोरांनाही लागत नाही. त्यामुळे आज वॉर्सोतल्या माणसाने 'तुतारी' म्हटलं की रोमच्या माणसाला ते आपल्याच भाषेतलं 'त्रोम्बा' वाटेल.

हेच मराठीत घडलेलं आपण रोज तोंडात घोळवतो. संस्कृत 'पञ्च', हिंदी 'पाँच', मराठी 'पाच'. संस्कृत 'दन्त', हिंदी 'दाँत', मराठी 'दात'. गोव्यात कोकणी माणूस 'दांत' म्हणताना अजून नाक वापरतो. आपल्या आजोबांच्या पत्रांत 'पांच', 'दांत', 'नांव' असे अनुस्वार असत. उच्चारातून ते केव्हाच गेले होते. 1962 साली साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार लिखाणातूनही काढले. आता स्लाव्ह बाजूला बघा. पोलिशमध्ये दाताला 'जोंब' (ज 'जोर'मधला), रशियनमध्ये 'जुब'. पाचाला पोलिशमध्ये 'प्यैंच्'सारखा उच्चार, रशियनमध्ये नुसता 'प्यात्'. पोलिश आपल्या हिंदीच्या जागी उभी आहे आणि रशियन मराठीच्या.

रशियनने नाक कधी सोडलं याचा एक पुरावा मला फार आवडतो. 950च्या सुमारास बायझंटाइन सम्राट सातवा कॉन्स्टंटाइन याने आपल्या मुलासाठी राज्यकारभाराचं एक पुस्तक तयार करवलं. त्याच्या नवव्या प्रकरणात नीपर नदीवरच्या धबधब्यांची नावं आहेत, कीव्हहून नावा घेऊन येणारे व्यापारी ती कशी उच्चारतात तशी. त्यातल्या एका नावाचा अर्थ 'उकळणारा', आणि त्याच्या मधोमध हाच सानुनासिक स्वर असायला हवा. ग्रीक लिपीत 'न' लिहिणं मुळीच अवघड नाही. तरी लिहिलंय 'वेरूत्सी'. म्हणजे ऐकणाऱ्याच्या कानावर 'न' पडलाच नाही.

गोष्ट इथे संपती तर सोपं होतं. पण त्याच पुस्तकात कीव्हच्या राजपुत्राचं नाव, जे आज 'स्व्यातोस्लाव' आहे, ते 'स्फेन्दोस्थ्लावोस' असं लिहिलंय, 'न' ठणठणीत. एकाच पुस्तकात दोन तऱ्हा. मला यात विरोध वाटत नाही. राजाचं नाव दरबारी वळणाने लिहिलं जातं, धबधब्याचं नाव नावाड्याच्या तोंडून येतं. आपल्याकडेही एखाद्या जुन्या दुकानाच्या पाटीवर 'नांव' टिकून असतं आणि आत गल्ल्यावरचा मुलगा पावतीवर 'नाव' लिहितो. पुढे 1056-57 साली ओस्त्रोमिर नावाच्या नोव्हगोरोदच्या अधिकाऱ्यासाठी शुभवर्तमानाची एक हस्तलिखित प्रत तयार झाली. तीत लेखकाचा गोंधळ दिसतो: सानुनासिक स्वराचं अक्षर कुठे द्यायचं आणि साध्या 'उ'चं कुठे. कानाला दोन्ही सारखेच लागत असतील तर हात चुकणारच. अनुस्वाराच्या चुकांवर ज्यांचे शाळेत गुण गेले, त्यांना या लेखकाबद्दल आपोआप कणव येईल.

ज्यांनी हे शब्द लवकर उचलले त्यांच्या घरी मात्र नाक गोठून राहिलं. हंगेरियन लोक नवव्या शतकाच्या शेवटी कार्पेथियन खोऱ्यात आले आणि तिथल्या स्लाव्ह लोकांकडून शनिवार, कबूतर, शेजारी असे शब्द घेतले. हंगेरियनमध्ये ते आजही 'म'सकट आहेत: शनिवार म्हणजे 'सोम्बॉत', तर रशियनमध्ये 'सुब्बोता'. रोमानियनमध्ये तुतारी 'त्रिंबित्सा' आहे. तिचं मूळ स्लाव्ह, पण 'म' असा शाबूत की आजच्या बल्गेरियनमध्येही तो दिसत नाही.

आणि मग युक्रेनच्या कार्पेथियन डोंगरातल्या हुत्सुल मेंढपाळांची 'त्रेम्बिता'. माणसापेक्षा लांब, तीन मीटरच्याही पुढे जाणारी, स्प्रूसच्या लाकडाची, वरून बर्चची साल गुंडाळलेली. मेंढ्या डोंगरावर न्यायच्या वेळी वाजते, कुणी गेलं तर दुखवट्याचीही वाजते. युक्रेनियनमध्ये साध्या नळीला आणि ट्रम्पेटला 'त्रुबा'च म्हणतात, 'म' नाही. तर मग याच भाषेत या एका वाद्याच्या नावात 'म' कुठून? युक्रेनियनच्या स्वतःच्या घरात तो टिकणं शक्य नाही. तो शेजारून आलाय, जिथे 'म' शिल्लक होता अशा रोमानियन किंवा पोलिश अंगणातून. दिसायला सगळ्यांत अस्सल, डोंगरातलं, गावरान वाद्य, आणि नावावर शिक्का परक्या घराचा.

रूपांबद्दल आणखी एकच. पोलिशमध्ये 'त्रोंबा', पण हाताला 'रेंका'. चेकमध्ये 'त्रोउबा', पण हाताला 'रुका'. मूळ स्वर एकच, मग एकीकडे 'ओँ' आणि दुसरीकडे 'एँ', एकीकडे 'ओउ' आणि दुसरीकडे 'उ' कसा? याचं उत्तर दीर्घ-ऱ्हस्वात आहे. पोलिशने मध्ययुगात आपले दोन्ही सानुनासिक स्वर एकत्र केले आणि मग लांबीवरून पुन्हा वेगळे केले: दीर्घाचा 'ओँ', ऱ्हस्वाचा 'एँ'. चेकमध्ये दीर्घ 'ऊ'चा 'ओउ' झाला, ऱ्हस्व 'उ' तसाच राहिला. रशियनमध्ये लांबी नाही, पण आघात आहे. 'मुका' हा शब्द पहिल्या स्वरावर जोर देऊन म्हटला तर यातना आणि शेवटी जोर दिला तर पीठ. पोलिशमध्ये यातनेला 'मेंका', पिठाला 'मोंका'. चेकमध्ये 'मुका' आणि 'मोउका'. पीठ तीनही भाषांत तुतारीच्या रांगेत बसतं. तीन भाषा, तीन वेगळ्या खुणा, आणि तिघींची साक्ष जुळते. बुधवारी रात्री मी खूश झाले ती उगीच नाही.

अर्थाची वाट

रूपं अशी शिस्तीत चालली. अर्थाला मात्र कुणी कवायत शिकवलेली नव्हती.

पहिला अर्थ तुतारी, यात शंका घ्यायचं कारण नाही. सिरिल आणि मेथोडियस हे थेस्सालोनिकीचे भाऊ 863 साली मोराव्हियात गेले आणि बायबलचं स्लाव्ह भाषांतर सुरू झालं. ग्रीकमध्ये जिथे 'साल्पिंक्स', तिथे त्या परंपरेत हाच शब्द येतो. मॅथ्यूच्या सहाव्या अध्यायात दान देताना आपल्यापुढे तुतारी वाजवू नका असं सांगितलंय, तिथे याच शब्दापासून झालेलं क्रियापद आहे. मराठी बायबल अशा ठिकाणी 'कर्णा' म्हणतं.

तुतारी म्हणजे आतून पोकळ, लांब, एका टोकाने वारा आत आणि दुसऱ्याने बाहेर. नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे. सोनाराची फुंकणी काय आणि तुतारी काय, आकार तोच. लॅटिनमध्ये 'तुबुस' म्हणजे नळी आणि 'तुबा' म्हणजे तुतारी, हीसुद्धा तीच जोडी. गाब्रिएले फालोप्पिओ या इटालियन शरीरशास्त्रज्ञाने 1561 साली स्त्रीच्या शरीरातल्या त्या दोन नलिकांचं वर्णन केलं तेव्हा त्यांना 'तुबा' म्हटलं, कारण टोकाला त्या तुतारीसारख्या फाकतात. नंतरच्यांनी त्याची 'ट्यूब' केली आणि आपण नलिका.

रशियनने हा आकार धरला आणि तो सगळीकडे लावला. पाण्याची नळी, धुराडं, ऑर्केस्ट्रातलं ट्रम्पेट, सगळं 'त्रुबा'. लहान झाली की 'त्रुब्का': ओढायचा पाइप आणि टेलिफोनचा रिसीव्हर. मोबाइल आल्यावरही रशियन माणूस 'त्रुब्का उचल' असंच म्हणतो. मॉस्कोतल्या त्रुब्नाया चौकाचं नावही यातलंच: जुन्या तटाच्या भिंतीतून नेग्लिंका नदी ज्या बोगद्यासारख्या वाटेने आत येई, ती 'त्रुबा'. 'धुराड्यातून उडून गेला' म्हणजे दिवाळं निघालं. 'आग, पाणी आणि तांब्याच्या तुताऱ्या यांतून पार झाला' म्हणजे सगळ्या संकटांतून, आणि शेवटी कीर्तीच्या संकटातूनही, निभावून निघाला. एकाच शब्दात दिवाळं आणि कीर्ती.

पोलिशने उलट केलं. नळीसाठी जर्मनमधून 'रूरा' उचलला आणि 'त्रोंबा' फुंकण्यासाठी राखून ठेवला. लहान झाली की 'त्रोंब्का', म्हणजे ट्रम्पेट. क्रॅकोव्हच्या सेंट मेरी चर्चच्या बुरुजावरून दर तासाला तीच वाजते, चार दिशांना चारदा, आणि दर वेळी सूर मध्येच तुटतो. 1927 पासून दुपारी बाराला हीच धून पोलिश रेडिओवर लागते. हत्तीच्या सोंडेलाही 'त्रोंबा'. पोलंडच्या जंगलात हत्ती नव्हता, तेव्हा नाव कुठल्यातरी ओळखीच्या वस्तूवरून द्यावं लागलं. रशियन आणि चेक यांनी सोंडेला आपला वेगळा शब्द ठेवला, 'खोबोत'. सर्बियनमध्ये सोंड म्हणजे 'सुर्ला', आणि तोही मुळात वाद्याचा शब्द: तुर्की 'झुर्ना', त्यामागे फारसी 'सुरना', सनईच्या जातीचं. म्हणजे दोन स्लाव्ह भाषांनी हत्तीकडे बघितलं आणि दोघींनाही वाद्यच आठवलं. पहाटे गणपतीपुढे सनई लावणाऱ्यांना यात काही वावगं वाटू नये.

सर्बियन आणि स्लोव्हेनियनमध्ये नळीसाठी जुना, घरचा शब्द होता: 'त्सेव'. लिथुएनियनमधला त्याचा भाऊ विणकराच्या कांडीला म्हणतात. घरचा शब्द असल्यावर तुतारीला नळीचं काम करायची गरज पडली नाही. सर्बियातल्या गुचा गावात 1961 पासून भरणारा मेळा 'त्रुबाच' लोकांचा आहे, म्हणजे ट्रम्पेट वाजवणाऱ्यांचा. तिथे नळकाम करणारे येत असतील तर ते नाचायला.

राहिला माझा ओव्हन. जर्मनमध्ये 'र्‍योऱ' म्हणजे नळी, आणि 'र्‍योऱ' म्हणजेच ओव्हन. जुन्या लोखंडी चुलीत ज्वाळेशेजारी एक नळकांड्यासारखा लांबट कप्पा असे, त्यात भाजणं चाले. तिथून हा अर्थ. चेक लोकांनी अर्थ उचलला आणि त्यावर आपल्या घरचा शब्द बसवला, 'त्रोउबा'. सर्बियनने जर्मन शब्दच घेतला: ओव्हनला 'रेर्ना'. सिलेसियातल्या पोलिश बोलीत 'ब्रात्रूरा' आहे, भाजायची नळी. नळीला चेकमध्ये म्हणायचं 'त्रुब्का' (ट्रम्पेटलाही तोच शब्द) किंवा सगळ्या नळजोडणीला मिळून 'पोत्रुबी'. शब्दाची एक मात्रा हलली आणि पंप स्वयंपाकघरातून पुन्हा विहिरीवर आला.

चेकमध्ये 'त्रोउबा' बिनडोक माणसालाही म्हणतात. पोलिशमध्ये 'त्रोंबा'ही तसंच. ही माहिती मला शब्दकोशात त्याच पानावर मिळाली, दोन ओळी खाली. ती माझ्याचसाठी छापल्यासारखी वाटली.

दुरुस्त तक्त्याची सतरावी ओळ अशी गेली: रशियन 'त्रुबा', बल्गेरियन 'त्रबा', सर्बियन आणि स्लोव्हेनियन 'त्सेव', पोलिश 'रूरा', चेक 'त्रुब्का'. एका ध्वनिनियमाने सुंदर बांधलेल्या ओळीचे तीन तुकडे झाले. या वेळी प्रत्येक शब्द त्या भाषेत वाढलेल्या माणसाने पाहून दिला होता. स्लोव्हाक खणात तिथल्या तपासनिसाने लिहिलं होतं 'रूरा'. मी आता शहाणी झाले होते, म्हणून शब्दकोश उघडून शेवटपर्यंत वाचलं. पहिला अर्थ, नळी. दुसरा अर्थ, ओव्हन.

मी त्याला घाबरत घाबरत लिहिलं, नक्की ना? उत्तर अर्ध्या तासात आलं: "नक्की. आमच्याकडे कुणी गोंधळणार नाही."